रागाशिवाय उच्चारलेला शब्द

जातीवरून माणसाला हाक मारणाऱ्या शब्दांबद्दल माझं एक पक्कं मत होतं आणि ते मी ठासून मांडत असे. विष शब्दात नसतं, बोलणाऱ्याच्या मनात असतं. मनात द्वेष नसेल तर तोंडून गेलेल्या शब्दाचा बाऊ करू नये. मूळ अर्थ पाहावा, हेतू पाहावा आणि मगच काय ते ठरवावं. भंडारा जिल्ह्यात मी मराठी शिकवत आलो. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एसटीची वाट पाहताना हा विषय निघाला की माझं म्हणणं हेच असे, आणि ऐकणारे बहुतेक वेळा मान डोलावत. आता ते मत माझं राहिलेलं नाही. ते का सुटलं हे नीट सांगावंसं वाटतं, कारण माझ्या ओळखीची कितीतरी भली माणसं अजून त्याच मतावर आहेत. ती दुष्ट असती तर त्यांच्यासाठी लिहायला बसलोच नसतो.

या मताचा पहिला साक्षीदार मी स्वतः होतो. आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठचं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून झाडीपट्टी होते. रानाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख. इथल्या माणसाला नागपूर-वर्ध्याकडे ‘झाडपी’ म्हणत. झाडपी म्हणजे रानातला, अडाणी, ज्याला धड बोलता येत नाही असा. आमच्या बोलीत ण नाही, ळ नाही. पाण्याला आम्ही पानी म्हणतो, डोळ्याला डोरा, फळाला फर. नागपुरात कॉलेजात गेलो तेव्हा वर्गात मी तोंड उघडलं की मागच्या बाकांवरून ‘झाडपी’ ऐकू येई. ज्यांच्या घरी खोली भाड्यानं घेतली त्या बाईंनीही पहिल्याच भेटीत तो शब्द वापरला होता, हसून. मला लागलं, पण मी खचलो नाही.

पुढे तर या शब्दाचं पारडंच फिरलं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास मांडला, शब्द जमवले, कोश केला, गावोगावच्या लिहिणाऱ्यांना हाताशी धरून झाडीबोलीची साहित्य संमेलनं उभी केली. वडशाहून निघणाऱ्या नाटक कंपन्यांचे प्रयोग हिवाळ्यात रात्र-रात्र रंगतात, आणि त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या झाडीवरून आम्हाला हिणवलं, तिचंच नाव आम्ही मिरवू लागलो. माझी पक्की समजूत झाली की अपमानाच्या शब्दाला हेच उत्तर आहे. आणि मी ते उत्तर इतरांना सुचवू लागलो. जातीचा शब्द कानावर पडला म्हणून दुखावलेल्या माणसाला मी सांगत असे, आम्हालाही म्हणत होते, आम्ही मनावर घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका.

एकदा हे मी गणित शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यासमोर बोललो. ते बौद्ध, माझ्याहून वयानं लहान, फार कमी बोलणारे. सहामाहीचे पेपर तपासत होते. लाल पेन तसंच हातात ठेवून त्यांनी विचारलं, “सर, नागपूरला गेल्यावर डोऱ्याचा डोळा व्हायला तुम्हाला किती वेळ लागला?”

“लागले असतील पाच-सहा महिने.”

“त्यानंतर तुम्हाला कुणी झाडपी म्हटलं?”

“नाही.”

“मग मी कोणतं अक्षर बदलू?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उत्तराची वाटही त्यांनी पाहिली नाही. गठ्ठ्यातला पुढचा पेपर ओढून घेतला. मी मात्र तिथेच अडकलो. झाडपी हा शब्द माझ्या जिभेवर बसलेला होता आणि जीभ वळवता येते. खोलीवाल्या बाईंनी मला झाडपी म्हटलं, पण खोली दिली. त्या शब्दामुळे माझं काहीच अडलं नव्हतं. पाणी नाही, खोली नाही, पंगत नाही, बायको नाही. सहकाऱ्यांनी नंतर कधीतरी सांगितलं की त्यांनाही नागपुरात खोली शोधावी लागली होती आणि तिथे त्यांना झाडपी कुणी म्हटलं नाही, फक्त आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं कळलं. तिथे जातीचा शब्द कुणी उच्चारला नाही; उच्चारायची गरजच नव्हती. ही गोष्ट नागपूरपाशी थांबतही नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालावी लागली. आमचं झाडपीपण नागपूरच्या पुढे कुणाला कळतसुद्धा नाही, आणि जात मात्र समुद्र ओलांडून गेली. दोन्ही शब्द मी इतकी वर्षं एकाच तागडीत तोलत होतो.

तरी माझ्याकडे आणखी एक आधार होता, मूळ अर्थाचा. व्युत्पत्ती हा माझा आवडीचा विषय. मुलांच्या निबंधात हिंदी-इंग्रजीची खिचडी झाली की मी समासात ‘धेडगुजरी’ असा शेरा मारत असे. मराठीतले चांगले संपादक, चांगले समीक्षक हा शब्द सर्रास वापरतात. भेसळीची, धड ना इकडची धड ना तिकडची भाषा, एवढाच त्याचा अर्थ आपल्या डोक्यात असतो. त्याचा पूर्वार्ध एका समाजाचं नाव आहे. गुजरातेत अस्पृश्य ठरवलेला, कापड विणणारा समाज. त्यांची गुजराती म्हणजे बिघडलेली गुजराती, असं तो शब्द सांगतो. तिथल्या लोकांनी ते नाव केव्हाच टाकून दिलं, ते स्वतःला वणकर म्हणवतात, म्ह्यावंशी म्हणवतात. आमच्या नागपूर-वऱ्हाडकडे तोच शब्द महारांना चिकटवला गेला. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचा मोठा ग्रंथ छापला, त्यात महार, मेहरा आणि धेड ही तीन नावं एकाच नोंदीच्या डोक्यावर शेजारी-शेजारी बसवली आहेत. हा शब्द शिवीसारखा वापरतात, अशी खूण त्या मथळ्यात नाही. पिकाचं किंवा पाखराचं नाव द्यावं तसं दिलं आहे. आजही अनुसूचित जातींच्या यादीत महाराष्ट्राच्या भागात म्ह्यावंशी आणि वणकर यांच्या जोडीला तो शब्द छापलेला सापडतो. मी म्हणायचो, सरकारी यादीतला शब्द शिवी कसा होईल? तो जातीचं नाव आहे, नाव म्हणजे वस्तुस्थिती.

या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयानं १८ ऑगस्ट २००८ रोजी, स्वर्णसिंग खटल्यात, उत्तर देऊन ठेवलं होतं. मला ते बऱ्याच उशिरा वाचायला मिळालं. यादीतलंच एक जातीचं नाव घेऊन दिल्लीत एका माणसाला हिणवलं होतं. न्यायालयानं सांगितलं की शब्दाचा व्युत्पत्तीचा अर्थ काय होतो ते धरून चालायचं नाही. आज लोक तो कशासाठी वापरतात ते पाहायचं. निकालातला तो परिच्छेद वाचून भाषेचा शिक्षक म्हणून मला फार मोकळं वाटलं, कारण शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. एका शब्दापुरतं ते सोयीस्करपणे बाजूला ठेवलं होतं, एवढंच.

आमच्याकडे भंडाऱ्यात ‘भैया’ म्हणजे लाडाचं नाव. धाकट्या भावाला, पोरालाही आपण भैया म्हणतो. मुंबईत तोच शब्द उत्तरेकडून आलेल्या टॅक्सीवाल्याच्या अंगावर फेकला जातो. मूळ अर्थ भाऊ. त्या भावाचा मार खाणाऱ्याला काय उपयोग?

अशाच एका शब्दाची गोष्ट पार युरोपातली आहे. बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा चिमुकला देश. १९३४ मध्ये तिथे रशियन लोक शेकडा आठच्या आसपास होते. सोव्हिएत राजवटीत ते येत राहिले आणि १९८९ मध्ये शेकडा तीस झाले. एस्टोनियन माणसाच्या बोलण्यात त्यांच्यासाठी एक हिणकस शब्द आहे, ‘तिब्ला’. तो रशियनांच्याच तोंडच्या एका ओंगळ संबोधनावरून आला असं मानतात: ‘तू’ आणि त्यापुढे एक शिवी. म्हणजे कच्चा माल रशियनांचाच. शिपाई आणि अधिकारी रशियन, बोलणारा दबलेला, अशा काळात तो पाठीमागे कुजबुजण्याचा शब्द होता. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. सोव्हिएत काळात येऊन राहिलेल्या लाखो रशियनभाषकांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही, भाषेची परीक्षा द्यावी लागली. सत्ता पालटली, शब्द तोच राहिला, आणि आता तो कारखाना बंद पडलेल्या गावातल्या रशियन बोलणाऱ्या पोराच्या अंगावर पडू लागला. मी आधी ही गोष्ट ‘असे शब्द सगळीकडेच असतात’ हे दाखवायला सांगत असे. आता तीच गोष्ट मला उलट दिशेला नेते. तो शब्द कुठून आला याला फारसं महत्त्व उरत नाही. बोलणाऱ्याच्या हातात त्या वेळी काय आहे, नोकरी, जमीन, विहीर, शिक्का, त्यावर त्याचं वजन ठरतं.

हेतूचा मुद्दा मात्र माझ्याकडून सहज सुटला नाही. तो माझ्या घरातून आलेला होता.

आमच्याकडे आषाढात धानाची रोवणी लागली की पहाटे घरात एकच धांदल. परे, म्हणजे धानाची रोपं, काढायचे, चिखलणी झालेल्या बांध्यांत पाणी धरून ठेवायचं, आणि बाया मिळवायच्या. माय चुलीपुढून मला हाक द्यायची, “त्या टोलीत जाय, अना धा बाया सांगून ये.” टोली म्हणजे वस्ती; त्या शब्दाच्या आधी ती जातीचा शब्द लावायची. ती तो ज्या सुरात म्हणायची त्याच सुरात मीठ संपलं म्हणायची. माझ्या मायनं कुणाचा द्वेष केला असं मला आजही वाटत नाही. टोलीतल्या एका म्हातारीच्या आजारपणात तिनं दिवसभर तांदळाची पेज पोचवली होती. याच आठवणीवर माझं सगळं मत उभं होतं: हा शब्द आमच्या घरात रागानं कधीच बोलला गेला नाही.

सहकाऱ्यांशी पुढे याबद्दल बोलणं होत राहिलं. त्यांची आई रोवणीला जायची, आमच्या नव्हे, त्यांच्या गावच्या शेतांवर. त्यांनी मला रागाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, दुपारी पाणी कसं देत होते? चहा कशात? आणि मला गोठ्याच्या भिंतीतली दिवळी दिसली. दिवळीत कान तुटलेल्या दोन कपबश्या. काम करून झालं की बाया त्या स्वतः धुऊन तिथेच पालथ्या ठेवत. त्या घरात यायच्या नाहीत, घरच्या भांड्यांत मिसळायच्या नाहीत. पाणी वरून ओतलं जाई, ओंजळीत. मजुरी मोजून दिली जाई, पण हातावर नाही, सुपात टाकून. हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. मायनं सकाळी त्या टोलीचं नाव घेतलं तेव्हाच दिवसभराचं सगळं ठरून गेलेलं असे: कोण कुठे बसणार, कशातून पिणार, कोणत्या दारानं येणार, किती मागू शकणार. चांभाराला, तेल्याला, कुंभाराला जसा त्याचा धंदा चिकटवला होता तसा हा शब्द नव्हता. तो माणसाची जागा सांगत होता, आणि ती जागा सगळ्यांना मान्य असल्यासारखी सांगत होता. रागावलेल्या माणसाची शिवी निदान हे तरी कबूल करते की समोरच्यानं काहीतरी केलं, त्याचं काहीतरी खुपलं. आमच्या घरातल्या त्या शांत शब्दात तेवढीही दखल नव्हती.

राग नसणं हा मी निर्दोष असल्याचा पुरावा मानत होतो. आज मला वाटतं, आमचं सगळं सुरळीत चाललं होतं म्हणून रागावायची वेळच येत नव्हती. मोठा भाऊ अजून गावात शेती करतो. त्याच्याशी बोललो तर म्हणाला, “आपुन कधी कोनाले मारलं का गा?” मी म्हटलं, नाही मारलं. मारावं लागेल असं कुणी वागतच नव्हतं. तो गप्प झाला, पण पटलं म्हणून नव्हे.

कुणीतरी ठरलेल्या जागेवर राहायचं नाकारलं की काय होतं, हे आमच्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही दोन मुलं गावातल्या जमावानं मारली. बौद्ध कुटुंब, स्वतःची जमीन कसणारं, मुलांना शिकवणारं, आपल्या शेतातून रस्ता काढायला विरोध करणारं. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयानं सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची सजा दिली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्हीकडे लागला नाही. एका मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी आरोपींना ओळखलं होतं, त्याचा सूड म्हणून हे घडलं, असं धरलं गेलं. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले.

त्या काळात आमच्याकडे चहाच्या टपरीवर जी चर्चा चाले तिच्यात मीही असे. प्रश्न एकच विचारला जाई: जातीवरून झालं याला पुरावा काय? जातीचा शब्द कुणी उच्चारला का? उच्चारला असेल तर जातीचा गुन्हा, नाहीतर जमिनीचं भांडण, बायांची भानगड, गावचं वैर. मलाही ही कसोटी रास्त वाटत होती. माझ्या मताला ती चपखल बसत होती. शब्द आणि हेतू जुळले की दोष, नाहीतर नाही. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाची जात जन्मापासून माहीत आहे, जिथे टोली वेगळी, वाट वेगळी, तिथे मारताना कुणी जातीचं नाव घेतलं नाही यावरून जात तिथे नव्हती असं कसं म्हणता येईल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सहकाऱ्यांना पडला होता. त्यांचं त्या टपरीवर येणं बंद झालं होतं, आणि का बंद झालं हे आमच्यापैकी कुणीही त्यांना विचारलं नव्हतं.

कायदा मात्र पुढे सरकला. १९८९ च्या मूळ कायद्यात कलम ३(२)(v) नुसार गंभीर गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ केला हे सिद्ध करावं लागे. दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून, समोरचा अनुसूचित जातीचा आहे हे ‘माहीत असताना’ केला, एवढं पुरेसं झालं. कारण सिद्ध करायचं म्हणजे आरोपीच्या मनात शिरायचं. माहिती मात्र गावात सगळ्यांना असते. त्याच दुरुस्तीनं सगळ्यांसमक्ष जातीचं नाव घेऊन शिवीगाळ करणं हा वेगळा गुन्हा म्हणून लिहिला गेला. या कायद्याचा गैरवापर होतो, असं मला लोक लगेच ऐकवतात. होत असेल कुठे, तिथे न्यायालय आहे. पण हे ऐकवणाऱ्याला मी हल्ली विचारतो, तुमच्या घरी टोलीला काय म्हणतात? बहुतेक जण खरं उत्तर देतात. भली माणसं आहेत, म्हटलंच मी.

एका बाबतीत माझं अजून पुरतं ठरलेलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्या जागी समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. तेव्हा मी विरोधात बोललो होतो. पाटी बदलून काय होतं? ‘हरिजन’ शब्द आणला, त्याचं काय झालं? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की तो शब्द आता अपमानासाठी वापरला जातो. १९५६ मध्ये नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म घेतला, नवं नाव घेतलं, आणि आमच्या गावांनी त्यानंतरही कित्येक वर्षं जुनंच नाव चालू ठेवलं. जुनं बोलणं धोक्याचं झालं तेव्हा ‘जयभीमवाले’ आलं, ‘सरकारचे जावई’ आलं. चांगल्यातलं चांगलं नाव दिलं तरी हिणवणारा त्याला हिणवायच्या कामाला लावतो, हे मी आजही नाकारत नाही.

पण या विरोधातही मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच पाहत होतो, गाव काय म्हणेल याकडे. ज्याचा पत्ता आहे त्याच्याकडे पाहत नव्हतो. माझ्या वर्गातली मुलं शिष्यवृत्तीचे अर्ज भरत. पत्त्याच्या रकान्यापाशी काही पेनं थबकायची. एका मुलीनं गावाचं नाव लिहिलं, तालुका लिहिला, आणि मधली जागा कोरी सोडली. मी अर्ज परत केला, पूर्ण भर म्हणून. तिनं तो घरून भरून आणला, बापाच्या अक्षरात. मला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. जातीचं नाव पाटीवरून गेलं म्हणून गावाची जीभ सुधारणार नाही, पण त्या मुलीला ते स्वतःच्या हातानं लिहावं लागणार नाही. एवढ्यासाठी सरकारी निर्णय लागावा का? लागावा, असं आता वाटतं. मात्र ते नवं नाव तहसील कचेरीतल्या यादीतून न येता वस्तीनं स्वतः बसून ठरवावं. तसं कुठे झालं असेल तर त्याचा मला मनापासून आनंद होईल.

निवृत्तीनंतर मी गावाकडचे शब्द वहीत जमवतो आहे. बोडी, बांधी, परे, सांदवाडी; रोवणीचे, मळणीचे, मासे धरण्याचे शब्द. बोरकर सरांच्या पिढीनं मोठं काम करून ठेवलं, त्यात माझी पवनीकडची थोडी भर. ध अक्षरापाशी आलो तेव्हा प्रश्न उभा राहिला. सहकारी म्हणाले, “तो शब्द घेऊ नका, सर. मरू द्या त्याला.” त्यांचं म्हणणं असं की कोशात गेलेला शब्द जगतो, आणि या शब्दाला जगवायचं पाप मराठीच्या माणसानं करू नये. रसेल-हिरालालच्या नोंदीनं तो शंभर वर्षं जगवलाच आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं. मला वाटतं, तो गाळला तर आमच्या घरांत तो कधी नव्हताच असं पुढची माणसं म्हणतील, आणि तसं म्हणायला आम्हाला फार आवडेल.

मी तो घेतला आहे. समोर लिहिलं आहे: हीनार्थी; सवर्ण आणि इतर शेतकरी घरांत महार समाजासाठी वापरत; त्या समाजानं हे नाव स्वतःसाठी कधी घेतलं नाही, ते स्वतःला बौद्ध म्हणवतात; रोजच्या बोलण्यात, रागाशिवायही वापर. शेवटचं वाक्य सहकाऱ्यांनी सुचवलं. नोंदीला त्यांचा विरोध आहे तो आहेच. पण ठेवायचीच असेल तर ते वाक्य तिच्यात पाहिजे, असं ते म्हणाले. वही छापायला जाण्याआधी एकदा पुन्हा बसायचं आमचं ठरलं आहे, आणि त्यांनी तेव्हाही काढा म्हटलं तर काय करायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.